कशावरूनबाई

आज ऊन फार आहे, एवढं साधं वाक्यसुद्धा आमच्या बाईंसमोर बोलायची सोय नव्हती. त्या लगेच विचारत, "कशावरून?" मे महिना, नागपूर, दुपारचे बारा वाजलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही, डांबरात चप्पल रुततेय, आणि बाई डोक्यावर ओला टॉवेल टाकून विचारताहेत, कशावरून! मग आम्ही शोधायला लागायचो. चप्पल रुतली यावरून. कुत्रं नळाखालच्या ओल्यात पोट टेकून पडलंय यावरून. शाळेच्या फाटकाच्या कडीला हात लावता येत नाही यावरून. "हं. आता म्हणा ऊन फार आहे," असं म्हणून त्या पुढे चालू लागत आणि आम्ही मागून धावायचो.

रामदासपेठेतल्या एका शाळेच्या दोन खोल्या मागून घेऊन बाई दर उन्हाळ्यात सहा आठवड्यांचा वर्ग चालवत. सकाळी इतिहास, दुपारी चित्रकला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना शाळेत पाठवायचं ही कल्पनाच तेव्हा लोकांना चमत्कारिक वाटे. माझी नववी झाली होती आणि मी घरात फार प्रश्न विचारते म्हणून आईनं मला तिकडे धाडलं. प्रश्न कमी होतील अशी तिची समजूत होती. तिनं बाईंना आधी पाहिलेलं नव्हतं.

बाई पंचेचाळिशीच्या असतील. काटक, उंच, सुती लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात पोरांसारखे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर शबनम. शबनममध्ये कोळशाच्या कांड्या, टेप, सुतळी आणि ऊन लागू नये म्हणून एक कांदा. एका जागी त्या पाच मिनिटं थांबत नसत. वर्ग सुरू व्हायचा वाळ्याच्या ताटीजवळ, मग सावली सरकली की व्हरांड्यात, मग कडुनिंबाखाली, मग पुन्हा आत. शिकवताना त्यांचं वाक्यही एका जागी थांबत नसे. अर्ध्यावर त्यांना दुसरं काही दिसे आणि त्या तिकडे वळत. राहिलेलं अर्धं वाक्य कधीकधी दोन दिवसांनी यायचं, आणि ते कशाचं ते आपण ओळखायचं.

आम्ही अकरा जण होतो. पहिल्याच दिवशी एका मुलानं घोड्यावर बसलेला राजा काढला. फार सुरेख काढला होता. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत, राजाचा शेला उडतोय. आम्हाला वाटलं बाई खूष होतील.

"हा घोडा कुठं पाहिलास?"

"कॅलेंडरवर, बाई."

"मग खाली लिही, कॅलेंडरवरून."

त्या मुलाचं तोंड एवढंसं झालं. बाईंच्या ते लक्षात आलं असावं, कारण लगेच त्या आम्हा सगळ्यांना घेऊन निघाल्या. स्टेशनजवळच्या टांग्यांच्या अड्ड्यावर जाऊन म्हणाल्या, "हे घोडे. काढा." घोडे माश्यांनी हैराण झालेले, सारखे मान झटकत होते. टांगेवाले हसत होते. एकही पाय हवेत नव्हता. त्या दिवशी कुणाचंच चित्र जमलं नाही. पण घोड्याच्या मागच्या पायातला गुडघ्यासारखा सांधा आपल्या गुडघ्याच्या उलट वाकतो हे मला त्या दिवशी कळलं आणि अजून लक्षात आहे.

खोडरबराला वर्गात बंदी होती. चुकलेली रेघ तशीच राहू द्यायची आणि तिच्या शेजारी बरोबर काढायची. वहीतल्या इतिहासालाही हाच नियम. एकदा त्यांनी आम्हाला एक जुनी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, दाखवली आणि ती तीनशे वर्षांपूर्वीची असल्याचं सांगितलं. आम्ही ते लिहून घेतलं. त्याच संध्याकाळी आमच्या दारात सायकलची घंटी वाजली. बाई. घामानं निथळलेल्या. तिथल्या एका म्हाताऱ्या गवंड्यानं त्यांना सांगितलं होतं की ती बावडी त्याच्या आज्यानं बांधली. त्यांनी आत जाऊन चुन्याचा थर पाहिला, आणि गवंड्याचं म्हणणं त्यांना पटलं.

"वही आण. खोडू नकोस. शेजारी लिही, बाईंचं चुकलं."

आई वरून पाण्याचा तांब्या घेऊन आली तोवर त्या पुढच्या घराकडे निघालेल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी अकराही घरं केली. शेवटचं घर कोराडी रोडला होतं. सकाळपर्यंत थांबल्या असत्या तर आम्ही सगळे वर्गात येणारच होतो. पण तेवढा वेळ चुकीचं लिहिलेलं कुणाच्या वहीत राहावं हे त्यांना सोसत नव्हतं.

अशी माणसं शांत का बसू शकत नाहीत याबद्दल मी मोठेपणी बरेच तर्क केले. लहानपणी कुणी त्यांना मोठं खोटं सांगितलं असेल का? लग्न केलं नाही त्यामागे काही असेल का? हे तर्क मी एकदा त्यांच्यासमोरच बोलून दाखवले. तेव्हा त्या पारशिवनीला भावाकडे राहायला गेल्या होत्या, वर्ग बंद होऊन दहाएक वर्षं झाली होती आणि गुडघे गेले होते. तरी काठी टेकत गावातल्या एकेका विहिरीवर जाऊन ती कुणी खणली ते विचारून लिहून घेत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कशावरून?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

पण मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या उन्हाळ्यातलं.

चौथ्या आठवड्यात बाईंनी काम दिलं. घरातली सर्वांत जुनी वस्तू शोधा, ती दिसते तशी काढा आणि तिचा इतिहास घरातल्यांना विचारून खाली लिहा. वर्गाच्या शेवटच्या दिवशी प्रदर्शन भरेल, त्यात ही चित्रं लागतील.

मला शोधायचीसुद्धा गरज नव्हती. इतवारीत आमचं कापडाचं दुकान होतं आणि वर राहायची जागा. बैठकीत गादीच्या वर भिंतीला तलवार टांगलेली होती. लाल मखमलीचं म्यान, पितळी मूठ. ती आमच्या पणजोबांना एका राजानं भर दरबारात दिली असं घरात सांगत. कुठला राजा, कशाबद्दल दिली, हे कुणी विचारलं नव्हतं. वर्षातून एकदा दसऱ्याला ती खाली यायची, कुंकू लागायचं आणि पुन्हा वर जायची.

बाबा दुकानात असताना मी ती उतरवली. तीन दुपारी बसून काढली. दिसेल तसं काढायची सवय लागलेली होती, त्यामुळे पात्यावरचे दोन रिव्हेट काढले, मुठीखालची तीन बारीक भोकंही काढली. एका भोकात गंजलेली कडी होती, तीही काढली.

बाईंनी चित्र हातात घेतलं आणि चालता चालता थांबल्या.

"ही भोकं कशाची?"

"माहीत नाही, बाई."

"पातं दोन्ही कडांना सारखंच जाड काढलंस. चुकून?"

"नाही. तसंच आहे."

"चल."

"आत्ता?"

त्या फाटकापर्यंत पोचल्यासुद्धा होत्या. बाकीच्या दहा जणांना कडुनिंबाच्या सालीचं चित्र काढायला बसवून आम्ही दोघी सायकली हाणत भर उन्हात रामदासपेठेहून इतवारीला आलो. बाबा खाली गिऱ्हाइकात होते. आईनं पन्हं केलं. बाईंनी ते उभ्यानंच पिऊन पेला खाली ठेवला आणि तलवार हातात घेतली. आधी कानाजवळ नेऊन हलवली. मग पदर सारला, पात्याची कड आपल्या दंडावर टेकवली आणि जोरात ओढली.

आई किंचाळली. बाईंच्या दंडावर फक्त एक पांढरा ओरखडा उठला.

"हिला धार कधी नव्हतीच. ही पिंपावरची लोखंडी पट्टी आहे, दोन तुकडे जोडलेत. आणि या भोकांत घुंगरं होती." त्यांचा आवाज आनंदानं कापत होता आणि बोलणं एकदम गावाकडचं झालं होतं. "अवं, ही दंडारीतली हाय! आमच्या पारशिवनीले येत होती ना दंडार, मी लहानपणी पाह्यलेली हाय. राजाच्या तलवारीले घुंगरं बांधत. तो आला का पहिले आवाज यायचा!"

दंडार म्हणजे आमच्याकडची सोंगं घेऊन, नाचत-गात करायची गावाकडची नाटकं. म्हणजे पणजोबांना राजानं तलवार दिलेली नव्हती. पणजोबा स्वतःच राजाचं सोंग घेत होते. बाईंना केवढा तरी खजिना सापडल्यासारखं झालं होतं. आई मात्र भिंतीला टेकून उभी होती. "हे ह्यायले नका सांगू," एवढंच ती म्हणाली.

बाबांना न सांगून भागण्यासारखं नव्हतं. खाली नोकरांनी बाई वर गेल्याचं पाहिलं होतं आणि आईचं किंचाळणं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी बाबा वर्गावर आले. धोतर, काळी टोपी, कपाळावर घाम. बाईंनी मुलांना बाहेर पाठवलं. मी दाराशी उभी राहिले, मला कुणी हाकललं नाही.

"बाई, पोट्टीले चित्र काढाले पाठवलं होतं आमी. खोदकाम कराले नाही."

"चित्र तिनं उत्तम काढलंय. पाहिलंत तुम्ही?"

"पाह्यलं. म्हणूनच आलो." बाबांनी आवाज खाली आणला. "मले माहीत आहे ते. पह्यल्यापासून माहीत आहे. इतके वर्ष कोणाजवळ बोललो नाही. आता मोठ्या पोरीचं लग्न जमून राहिलं. नरखेडचे पाहुणे आहेत, संत्र्याचे बगीचे आहेत त्यायचे. बैठकीत आले तेव्हा अर्धा घंटा तलवारीचीच गोष्ट झाली. ते चित्र भिंतीवर लागलं तर लग्न मोडून जाईन."

"कशावरून?" बाई म्हणाल्या.

बाबा त्यांच्याकडे पाहतच राहिले. "कशावरून म्हणजे? लोकं कसे राह्यते तुमाले माहीत नाही काय?"

"नाही. मला विचारून पाहिल्याशिवाय माहीत नसतं."

"मग माह्या पोरीच्या लग्नावर नका पाहू विचारून."

बाई खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. मग माझ्याकडे वळल्या. "चित्र तुझं आहे. लावायचं की नाही ते तू ठरव. नाही लावलंस तर मी एक शब्द बोलणार नाही. पण लावलंस तर खाली खोटं लिहायचं नाही."

"ते लहान आहे, बाई," बाबा म्हणाले.

"रेघा तिनं मारल्यात."

पुढचे आठ दिवस मी कशात नव्हते. जेवायला बसले की तलवार समोर. बाबा मला काही म्हणत नव्हते, आणि त्याचाच जास्त त्रास होत होता. त्यांनी रागावून "लावू नको" म्हटलं असतं तर मी सुटले असते. बाईही काही म्हणत नव्हत्या. त्या सुतळीनं भिंती मोजत प्रदर्शनाच्या जागा आखत फिरत होत्या. प्रत्येकाच्या नावाची जागा खडूनं लिहिली होती. माझीही होती.

शेवटी मी ताईला विचारलं. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. ती स्वयंपाकघरात लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिला तलवारीचं काही माहीत नव्हतं. ती अडकित्ता खाली ठेवून खूप हसली.

"घुंगरं? खरंच वं?"

"लावू का मग?"

"लाव ना. तलवारीसंगं लग्न लावून राहिले काय माझं?"

हसता हसता बोललेलं ते वाक्य मी होकार म्हणून घेतलं. मला तेवढंच हवं होतं. आज वाटतं, मी तिला नीट विचारलंच नाही. बाबा काय म्हणाले, पाहुण्यांची बैठकीत काय गोष्ट झाली, ते तिला मी घाईघाईत सांगितलं, आणि घुंगरांचं मात्र सावकाश.

चित्र लागलं. खाली मी माझ्या अक्षरात लिहिलं: 'दंडारीतली तलवार. पणजोबा राजाचं सोंग घेत तेव्हा वापरत. धार नाही.' बघायला आलेले लोक तिथं जास्त वेळ थांबत होते. बाबा आले नाहीत. नरखेडकरांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यांची एक मावशी धरमपेठेत राहत होती आणि तिची शेजारीण आपल्या मुलाचं चित्र बघायला आली होती.

तीन आठवड्यांनी नरखेडहून पत्र आलं. पत्रिका जुळत नाही, क्षमस्व.

घरात कुणी आवाज चढवला नाही. बाबांनी तलवार काढून माळ्यावर टाकली. भिंतीवर तिच्या आकाराचा फिकट पट्टा राहिला. ताई कॉलेजात जात होती, येत होती, माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. तो मुलगा तिला आवडला होता हे मला तेव्हा कळलं. तो दोनदा घरी आला होता आणि दुसऱ्या वेळी त्यानं तिला एक पुस्तक आणून दिलं होतं. ते पुस्तक तिनं वर्तमानपत्राचं कव्हर घालून ठेवलं होतं.

बाईंना मी सांगितलं नाही. त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं. एका रविवारी दिवे लागायच्या सुमाराला त्या आमच्या जिन्यावर आल्या. बूट, लुगडं, भुवया, सगळं धुळीनं लाल. आम्ही चौघं बैठकीतच होतो.

"मी नरखेडला जाऊन आले," त्या म्हणाल्या.

बाबा उठून उभे राहिले. "कोणाले विचारून?"

"कुणालाच नाही. सकाळच्या एस.टी.नं गेले, आत्ता उतरले. मुलाच्या वडिलांना विचारलं, पत्रिका खरंच जुळत नाही का? ते म्हणाले, नाही जुळत. मी म्हटलं, दाखवा."

आईनं तोंडाला पदर लावला.

"मग ते चिडले. मग म्हणाले, पत्रिका कशाची घेऊन बसल्या? नाच्याच्या घरची पोरगी आमच्या घरात नाही पाहिजे." बाईंनी ते शब्द जसेच्या तसे सांगितले, मऊ केले नाहीत. मग बाबांकडे वळल्या. "तुम्ही म्हणाला होतात लग्न मोडेल. मी कशावरून विचारलं. तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं. तेच सांगायला आले."

खाली रस्त्यावरून एक सायकलरिक्षा घंटी वाजवत गेली. बाई ताईसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचे हात सारखे पदराशी चाळा करत होते. "तुझं नुकसान झालं. ते कसं भरून काढायचं, मला ठाऊक नाही."

ताईनं विचारलं, "तो काय म्हणाला?"

"तिथंच होता. खाली मान घालून बसला होता."

"काहीच नाही म्हणाला?"

"काहीच नाही."

"बरं," ताई म्हणाली. तिचे डोळे भरले होते पण आवाज सरळ होता. ती बाबांकडे वळली. "बाबा, पणजोबा नाच्या होते का हो?"

मला वाटलं आता बाबा बाईंना जिना दाखवतील. त्यांचा चेहरा लाल झाला होता. पण ते बोलले ते भलतंच.

"नाच्या कोण म्हणते त्यायले? नाच्या नव्हते ते! राजा होते, राजा!" त्यांचा आवाज फुटला. "मी पाह्यलं आहे. पाच वर्साचा होतो मी, बैलगाडीत उभा राहून पाह्यलं. चार-चार गावचे लोकं गाड्या जुतून येत त्यायले पाह्याले. म्हातारे झाले होते, तरी मांडवात पाय ठेवला का सारे चूप. असे येत. असे!"

बोलता बोलता ते गादीवरून पुढे आले. चाळीस वर्षं कापड फाडून वाकलेला तो माणूस ताठ झाला. एक हात कमरेवर, दुसरा वर. उजवा पाय आपटला, डावा मागून ओढत आणला, गिरकी घेतली. टोपी पडली. ती उचलायला कुणी पुढे झालं नाही. बाबा काही तरी गुणगुणत होते. शब्द लागत नव्हते, ताल मात्र पक्का होता. आणखी दोन पावलं, आणखी एक गिरकी, आणि मग हात तसाच वर ठेवून ते थबकले. आमच्याकडे पाहू लागले. एवढी वर्षं ज्यांना कधी एखादी ओळ गुणगुणताना ऐकलं नव्हतं, ते आमचे बाबा, घामानं भिजलेले, दम लागलेले, लाजलेले.

"पुढचं नाही आठवत," ते म्हणाले.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. शबनममधून कागद आणि कोळसा त्यांच्या हातात कधी आला होता कुणास ठाऊक. "जेवढं आठवतं तेवढंच पुन्हा करा."

बाबा आईकडे बघत राहिले, आई जमिनीकडे. तेव्हा ताई उठली आणि बाबांच्या वाटेतली तिपाई ओढून तिनं भिंतीला लावली.